डाव्या बाकावरची जागा

१

जीप मीच निवडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या घरात जो तो म्हणायला लागला की आम्ही नकोच म्हणत होतो. कुणी नको म्हणत नव्हतं. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, एवढंच म्हणत होते, आणि तसलं बोलणं मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे.

आमचं गाव येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून, जिंतूरच्या रस्त्यापासून बरंच आत. मध्ये काळ्या रानातली गाडीवाट आणि एक ओढा. पावसाळ्यात तिथे बैल पोटापर्यंत रुततात आणि उन्हाळ्यात घोट्यापर्यंत फुफाटा असतो. त्याच वाटेवर माझं पहिलं बाळ गेलं. नामांतराच्या दंगलीचे दिवस होते, एस.टी. बंद होती. आमच्याच गावच्या लोकांनी वस्तीवरची घरं पेटवली होती. आमची दाई झुंबरबाई त्या वस्तीवरची, ती लेकरं घेऊन निघून गेली होती. तिला कोणत्या तोंडानं बोलावणार? बैलगाडी ओढ्यात रुतली आणि पोर तिथेच जन्माला आलं. ते रडलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, देवाची मर्जी. मी म्हणाले, घरं देवानं पेटवली नव्हती. त्यावर बरेच दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि मलाही बोलायचं नव्हतं.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी नवऱ्याला, बन्सीधरला, स्पष्ट सांगितलं की यावेळी बैलगाडीत पाय ठेवणार नाही. तो ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे ड्रायव्हर घरचाच होता. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. मग जुनी जीप बघायची ठरली. घरातली सगळी माणसं मावतील अशी सात सिटांची, आणि पुढची-मागची चारही चाकं ओढणारी, म्हणजे ओढ्यात अडकून बसायला नको.

२

गाडी बघायला आमच्याबरोबर चुलतसासरे दत्तराव आले. घरात त्यांना तात्या म्हणतात. बैल पारखावा तर तात्यांनीच, असं पंचक्रोशीत मानतात, आणि ते जीपसुद्धा बैलासारखीच बघायचे. आधी भोवती एक फेरी, मग मागच्या बाजूला थाप, मग लांब उभं राहून डोळे बारीक करायचे. त्यांनी तोंड उघडून दात बघितले नाहीत हेच नशीब.

माझी पारख वेगळी होती. मी घरून पितळेची कळशी नेली होती. ती काठोकाठ भरायची, मागच्या बाकावर ठेवायची आणि जीप नांगरटीतून फिरवून आणायची. किती पाणी सांडतं त्यावरून माझ्या पोटाला किती हिसके बसतील ते कळणार होतं. तात्या हसले. हसू दे, पोट त्यांचं नव्हतं.

सेलूच्या जीपला नवा रंग दिलेला होता. मी आत वाकून अंगठा दाबला तर तळाचा पत्रा पापडासारखा मोडला. देवगाव फाट्यावरची दिसायला बरी होती, पण पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा नुसता शोभेचा होता, ओढला तरी पुढची चाकं मुकाट. शिवाय अर्धी कळशी माझ्या मांडीवर रिकामी झाली.

तिसरी चारठाण्याला, माणिकराव नावाच्या शेतकऱ्याकडे. गोठ्याच्या टोकाला ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. रंग उडालेला, टपाची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली. पुढे दोन सिटा. मागे समोरासमोर दोन बाकं, डाव्यावर तीन गाद्या आणि उजव्यावर दोन, कारण उजव्या बाजूला स्टेपनी. भरलेली कळशी मला उचलवत नव्हती, म्हणून ती बन्सीधरनं ठेवली, डाव्या बाकाच्या शेवटच्या गादीवर, अगदी फळक्याजवळ. मी पुढे बसले आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

नांगरलेलं रान झालं, दोन बांध झाले, एक चारी झाली. माझे दात एकमेकांवर आपटत होते. परत आलो तेव्हा कळशी होती तशी होती. मी बोट लावून बघितलं, पाणी काठाला होतं. गादी कोरडी होती.

तात्या म्हणाले, कळशी कमी भरली असंल. मी म्हणाले, तुमच्यासमोरच भरली. लोक आता म्हणतात, मला तिथेच शंका यायला हवी होती. मला तर आनंद झाला होता. मी तेवढ्यासाठीच आले होते.

३

व्यवहार ठरला. माणिकरावांनी किल्ली दिली, नारळ फोडला. आम्ही निघणार तेवढ्यात त्यांची आई, लक्ष्मीबाई, घरातून आली. वाळकी, ताठ म्हातारी. कुणाशी न बोलता ती जीपमध्ये चढली आणि डाव्या बाकाची शेवटची गादी उचलून खाली उतरली.

आमच्याकडे बैल विकला तरी दावं विकत नाहीत. विकणारा बैल देतो आणि दावं ठेवून घेतो, घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. गोठ्याची बरकत त्या दाव्याला बांधलेली असते असं मानतात. तात्यांना म्हातारीचं वागणं लगेच पटलं. त्यांनी मान डोलावली.

मला पटलं नाही. दावं म्हणजे दावं, सीट म्हणजे सीट. मी तिच्या हातातली गादी धरली आणि म्हणाले, सात सिटांची गाडी घेतलीय, सहा सिटांची नव्हे.

म्हातारीनं गादी सोडली नाही. ती माझ्या पोटाकडे बघत होती.

"बाई, हे आमचं आमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमाला सहा लय झाल्या."

मी गादी ओढून घेतली. माणिकराव जमिनीकडे बघत उभे होते. मी गादी जागेवर ठेवली, वरून थाप मारून नीट बसवली आणि बन्सीधरला जीप काढायला सांगितलं. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. वस्तू पुरी घेतली, पुरी आणली.

४

जीप घरी आली. आमच्या वाटेनं गाडी गेली की आत बसलेल्या माणसाचे केस, भुवया, पापण्या, सगळं धुळीनं पांढरं होतं. म्हणून पहिले काही दिवस मीच हौसेनं जीप झटकायची. एकदा बाजारहाट करून आलो, मी मागे फडकं घेऊन चढले तेव्हा लक्षात आलं. सगळ्या गाद्यांवर बोटभर धूळ होती. डाव्या बाकाची शेवटची गादी मात्र स्वच्छ होती.

पूर्ण स्वच्छ नव्हती. कडेला धूळ होती, मधेच नव्हती. कुणी बसून उठावं तेवढी जागा. आणि खाली पत्र्यावर दोन पावलांएवढे स्वच्छ ठिपके, एकमेकांशेजारी. त्या दिवशी मागे आम्ही कुणीच बसलो नव्हतो, नुसती पोती होती, तीही उजव्या बाजूला.

मी काही खुळी नाही. टपाची ताडपत्री तिथेच फाटली होती, तिथून वारा येत असणार आणि धूळ उडवून नेत असणार. मी दाभण घेतलं, जाड दोऱ्यानं भोक शिवलं. पुढच्या फेरीत जागा तशीच स्वच्छ. मग वाटलं, त्या गादीचं कापड निसरडं असेल. गाद्यांची अदलाबदल केली, शेवटची मधे आणली, मधली शेवटी. स्वच्छ जागा गादीबरोबर गेली नाही. कोपऱ्यातच राहिली.

मग आवाज. जीप थांबली आणि माणसं उतरली की स्प्रिंगा करकरतात, ते कुणालाही माहीत आहे. आम्ही सगळे उतरून ओसरीवर येऊन पाय धूत असायचो, तेव्हा जीप आणखी एकदा करकरायची. एकदाच, हळू. जपून कुणी उतरावं तशी. जीप माझ्या खोलीच्या खिडकीखाली उभी असायची, त्यामुळे हे मला सगळ्यात आधी कळलं. लोखंड तापतं, गार होतं, तेव्हा असे आवाज होतातच, असं मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई, नर्मदाबाई, माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनीही मोजलं होतं म्हणायचं.

पौषात जागा कोपऱ्यात होती. शिमग्याच्या सुमारास मी एकदा फडकं घेऊन चढले आणि तशीच थांबले. कोपऱ्यातल्या गादीवर धूळ होती. मधल्या गादीवर नव्हती.

पुढे सरकली होती.

५

आता घरात गुपित राहिलं नाही. सासूबाईंनी म्हातारीनं मागितलेली ती गादी धडप्यात बांधली आणि बन्सीधरला चारठाण्याला पाठवलं. जाणार नाही असं तो म्हणत होता, पण आईपुढे त्याचं काही चालत नाही. दुपारी तो गादीसकट परत आला. लक्ष्मीबाईंनी गादीला हात लावला नव्हता. अंगणात गहू निवडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या होत्या, "आता काय उपेग, बाबा. तिनं तुमचं घर बघितलंय." कोण ती, असं यानं विचारलं. त्या सूप उचलून आत निघून गेल्या.

तात्यांना मुद्दा मिळाला. दावं आणलं की असंच होतं म्हणाले. जीप जिंतूरला नेऊन जो घेईल त्याच्या गळ्यात मारावी, आणि वैशाखात बैलगाडी आहेच. माझे दिवस वैशाखातच भरत होते.

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. खिडकीखालून करकर आली की मी खिडकी लावून घ्यायची. पण जीपची भीती एका बाजूला आणि त्या ओढ्यातल्या बैलगाडीची दुसऱ्या बाजूला ठेवली की पारडं कुठे झुकायचं ते मलाच माहीत. जीपनं माझं काही घेतलं नव्हतं. बैलगाडीनं घेतलं होतं. मी तात्यांना म्हणाले, जीप विकायची असेल तर आधी मला विका. ते उठून गेले.

त्या संध्याकाळी मी एकटीच जीपपाशी गेले. उजेड होता. आत न चढता बाहेरूनच बघितलं. आता मधल्या गादीवर धूळ होती आणि स्वच्छ जागा डाव्या बाकाच्या पुढच्या टोकाला आली होती, माझ्या सिटेच्या बरोबर मागे. पत्र्यावरच्या पावलांची बोटं माझ्या सिटेकडे होती. त्यापुढे जागाच नव्हती. त्यापुढे मी होते.

६

वैशाखातल्या एका दुपारी कळा सुरू झाल्या. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे झुंबरबाईला निरोप धाडला. वर्षभरापूर्वी ती परत आली होती, जळक्या भिंतींवर नवे पत्रे टाकून राहत होती. माझा निरोप गेल्यावर ती यायची नाही असं मला वाटलं होतं. ती आली. कशासाठी आली ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तात्या जीपच्या मागच्या बाजूला उभे होते. घरच्या बाया मागे बसणार, तर हिनं त्यांच्या बरोबरीनं बाकावर कसं बसायचं, खाली बसू दे, असं त्यांचं पुटपुटणं चाललं होतं. मला कळ आली होती, ती जाऊ दिली.

"सात सिटा हायत, तात्या," मी म्हणाले. "तुमाला बाजूला बसायचं न्हाई तर तुमी उतरा. तिला घेतल्याबिगर जीप हलणार न्हाई."

ते मुकाट पुढे, बन्सीधरशेजारी जाऊन बसले. सासूबाई आणि झुंबरबाई उजव्या बाकावर. मला आडवं व्हायला डावं बाकच होतं. मी त्या स्वच्छ जागेवर हात ठेवला. गादी उन्हानं तापली होती, तेवढी जागा मात्र गार होती. मी तिथेच डोकं टेकलं आणि पाय पोटाशी घेऊन पूर्ण बाक अडवलं. बघू आता कुठे बसते.

ओढ्यापर्यंत ठीक गेलो. ओढा कोरडा होता, वाळू आणि फुफाटा. नेमकी मधोमध मागची चाकं रुतली. बन्सीधरनं तो दांडा ओढला, पुढची चाकं फिरली, पण वजन जास्त होतं. बन्सीधर सोडून सगळे उतरले. सासूबाईसुद्धा. तात्या आणि झुंबरबाई शेजारीशेजारी खांदा लावून जीप ढकलत होते, ते मला ताडपत्रीच्या फटीतून दिसलं. मागे मी एकटी राहिले.

चाकं जागच्या जागी फिरली आणि खालून धुळीचा लोट आत आला. आत काही दिसेना. नाकातोंडात माती. मी पदर तोंडावर घेतला आणि पदराच्या वरून बघत राहिले. उन्हाची एक तिरीप आत येत होती, तिच्यात धूळ भिरभिरत होती. सगळीकडे धूळ होती, एक जागा सोडून. बाकाच्या काठावर, माझ्या पोटाच्या बरोबर समोर, धूळ शिरत नव्हती. भोवतीनं फिरत होती. त्या मोकळ्या जागेला खांदे होते. डोक्यावरून घेतलेल्या पदराची कड होती. ती जागा कुणाचीतरी वाट बघत बसलेल्या बाईसारखी जरा पुढे झुकली होती.

मग ती आणखी झुकली.

माझ्या पोटाला दोन्ही बाजूंनी गार काहीतरी लागलं. घट्ट, पण दुखवणारं नाही. जीप पुढे-मागे हिसके खात होती, माझं डोकं फळीवर आपटत होतं, आणि पोट मात्र जागच्या जागी, जराही हलत नव्हतं. मी ओरडू शकले असते. ढकलणारी तिघं ढकलणं सोडून धावली असती, जीप पुन्हा खाली बसली असती, आणि हे पोरही त्याच ओढ्यात. मी ओरडले नाही. त्या मोकळ्या जागेत जिथे तोंड असायला हवं होतं तिथे बघून बोलले.

"धरायचं तर धर," मी म्हणाले. "पण हे माझं हाय. ध्यानात ठेव."

हात, ते हात असतील तर, तसेच राहिले. मग जीपनं उसळी घेतली आणि आम्ही वाळूच्या वर आलो.

सगळे चढले. झुंबरबाई माझ्याजवळ आली, तिनं पोटावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा ठेवला. "पोट गार लागायलंय, बाई," ती हळूच म्हणाली. नंतर ती जिंतूर येईपर्यंत माझ्याच बाकाच्या काठावर बसून राहिली, धूळ शिरली नव्हती त्याच जागेवर. ती पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती, पण उठली नाही. तिचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

जिंतूरच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली. इतकी रडली की बाहेर बसलेल्या तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. मी तो आवाज ऐकत पडून राहिले आणि पहिल्यांदा, त्या पहिल्या पोरासाठी, मोकळेपणानं रडले.

७

दवाखान्यातून आल्यावर मी अंगात ताकद नसतानाही जीपमध्ये चढून बघितलं. सगळ्या गाद्यांवर सारखी धूळ होती. सातही. खिडकीखालची करकरही थांबली. सासूबाईंनी नारळ वाढवला. सुनेनंच जीप विकू दिली नाही असं तात्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायला लागले. मी त्यांना बोलले नाही. माणूस बदलत असेल तर बदलू द्यावा.

बारसं झालं. पोरीचं नाव मी ठेवलं, मुक्ता. आणि त्यानंतर आठवड्याभरात लक्ष्मीबाई आल्या.

एकट्याच आल्या, फाट्यावर एस.टी.तून उतरून उन्हातान्हात चालत. हातात झबलं आणि टोपडं होतं. नवं नव्हतं. जपून ठेवलेलं, घडीवर पिवळं पडलेलं. कुणाचं ते त्या बोलल्या नाहीत. पाणी प्याल्या, ओसरीवर टेकल्या आणि पोर बघायला मागितली. घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सासूबाईंनी मुक्ताला आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

लक्ष्मीबाईंनी तिचं टोपडं काढलं. एक बोट त्यांनी पोरीच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत नेलं. मग वाकून तिच्या कानाशी एक नाव घेतलं. मुक्ता नव्हे, दुसरंच. हळू आवाजात, रोज घरात हाक मारावी तसं.

मुक्ता तोवर कुणाला ओळखत नव्हती. आवाज झाला तर दचकायची, एवढंच. तिनं मान वळवली आणि म्हातारीकडे बघून हसली.

"नाक माझ्या लेकीचंच हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कपाळ बी तिचंच. ह्याच जीपमधून बाळंतपणाला नेलती, वाटंतच गेली. एकदा तिकडं घिऊन या. तिच्या घरी. फकस्त एकदा."

मी उठले, म्हातारीच्या मांडीवरून माझी पोर उचलली आणि पदराखाली घेतली. ती रडायला लागली. म्हातारीकडे हात करून रडत होती ते मला दिसत होतं. मी तिला आणखी घट्ट धरलं.

"तिचं घर हेच हाय," मी म्हणाले. "आन् ती माझ्यावर गेलीय."

झबलं-टोपडं ओसरीवरच ठेवून लक्ष्मीबाई आल्या तशा निघून गेल्या. जीप अजून आमच्याकडे आहे आणि मुक्ता तिच्यातूनच शाळेत जाते. चारठाण्याच्या बाजूला आम्ही गाडी घेऊन जात नाही. गावातल्या बाया अजूनही म्हणतात, पोरगी ना आईवर गेली ना बापावर, कुणाचं रूप घेऊन आली कोण जाणे. त्या असं म्हणाल्या की मी मुक्ताला हाक मारते, माझ्या शेजारी उभी करते, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवते, आणि त्यांना नीट बघायला सांगते.